पिल्लाला पार्वो झाला तर...

काल संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरांच्या मागे धावणारे पिल्लू सकाळी कोपऱ्यात मान टाकून पडलेले असते. पाव पुढे केला तर वास घेऊन तोंड फिरवते. दुपारी पिवळा फेस ओकते आणि रात्री पातळ, रक्ताची, सहन न होणाऱ्या वासाची शी करते. घरातली मुले रडू लागतात. शेजारीण म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, विष घातले. एक दिवस लिंबू उतरवण्यात जातो, दुसरा दूध पाजण्यात, आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू जाते. आपल्या वस्त्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा घडते. यातली बरीच पिल्ले वाचू शकली असती, म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही या आजाराविषयी लिहीत आहोत.

माणसांच्या आरोग्याच्या पानावर कुत्र्याचा आजार कशाला, असे कोणी विचारील. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची, त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती विहारात मोठ्याने म्हणतो. राजगृहावर १९३४ साली काढलेला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्यात माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीसुद्धा आहे. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पिल्लू जिथे शी करते, त्याच फरशीवर आपले तान्हे मूल रांगते. कुत्रे अचानक आजारी पडले तर काय करायचे, हे माहीत असणे हा घराच्या आरोग्याचाच भाग आहे.

आजार काय आहे?

लोक याला कुत्र्याचा गॅस्ट्रो म्हणतात. पिल्लांमध्ये अशा जुलाबांमागे बऱ्याचदा पार्वो नावाचा विषाणू असतो. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला आणि तेव्हापासून सगळीकडे आहे. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतच्या, लस न घेतलेल्या पिल्लांना त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. आजारी कुत्र्याच्या शीतून विषाणू बाहेर पडतो आणि मातीत, फरशीवर, चपलेच्या तळाला कित्येक महिने टिकतो. म्हणजे घराबाहेर कधीच न गेलेल्या पिल्लालाही आपल्या चपलेतून आजार येऊ शकतो. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच आजार 'अचानक' आला असे वाटते.

हा विषाणू आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. अस्तर गळून पडले की अन्नपाणी अंगात शोषले जात नाही, उलट अंगातले पाणी आणि रक्त बाहेर जाते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात, त्यामुळे आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. पिल्लू दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी संपल्यामुळे आणि या जंतूंमुळे. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले मरतात. वेळेवर सलाईन आणि औषध मिळालेली बहुतेक वाचतात. सगळा फरक पहिल्या एक-दोन दिवसांत पडतो.

दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण आपण आयुष्याला लावतो. आजारालाही तीच लावावी. लिंबू-मिरचीने विषाणू मरत नाही आणि भगताने बांधलेल्या दोऱ्याने अंगात पाणी येत नाही.

पहिल्या काही तासांत काय पाहावे?

पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडावी. अंगात पाणी असेल तर ती लगेच जागेवर बसते. हळूहळू खाली गेली तर पाणी कमी झाले आहे असे समजावे. पिल्लू शांत असेल तर ओठ वर करून हिरडी पाहावी. ती ओलसर आणि गुलाबी असायला हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत परत गुलाबी होते. हिरडी चिकट, कोरडी किंवा फिकट असेल, पिल्लू उभे राहत नसेल, कान-पाय गार पडले असतील, तर एक तासही थांबू नये.

उलट्या सुरू असताना जबरदस्तीने पाणी किंवा अन्न घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दवाखाना सकाळीच उघडणार असेल आणि उलट्या काही तास थांबलेल्या असतील, तर ओआरएसचे पाणी एक-एक छोटा चमचा, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने गालाच्या कडेने द्यावे. पुन्हा उलटी झाली तर थांबावे. पिल्लाला कोरड्या कपड्यात गुंडाळून उबेत ठेवावे.

दूध देऊ नये, त्याने जुलाब वाढतात. माणसांची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतली कोणतीही गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. मेडिकलवाल्याने 'अर्धी द्या' म्हटले तरी देऊ नये. जुलाब बंद करायची आपली गोळीही नको.

पण आधी एक सावधगिरी

अचानक आजारी पडलेले प्रत्येक कुत्रे पार्वोचे नसते. कुत्रे विनाकारण चावायला धावत असेल, जबडा लोंबत असेल, लाळ सतत गळत असेल, आवाज बदलला असेल, अंधारात लपत असेल, चालताना झोकांड्या खात असेल किंवा घशात काही अडकल्यासारखे करत असेल, तर रेबीजचा संशय घ्यावा. अशा वेळी 'हाड अडकले असेल' म्हणून तोंडात हात घालू नये. मुलांना दूर करावे, कुत्र्याला बंद जागेत ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा नगरपालिकेला कळवावे.

कुत्रे चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी आणि सांगितलेल्या प्रत्येक तारखेला डोस घ्यावा. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसली की जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्याआधी वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

दवाखान्यात

तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो, जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. नागपूर आणि परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथेही जनावरे तपासतात. आपल्याला जवळचा दवाखाना कोणता आणि तो किती वाजता उघडतो, हे पिल्लू ठणठणीत असतानाच विचारून ठेवावे.

नेताना पिल्लाला खोक्यात किंवा टोपलीत, खाली प्लॅस्टिक आणि वर जुनी चादर घालून न्यावे. रिक्षा खराब होणार नाही असे दिसले की रिक्षावालाही सहसा नाही म्हणत नाही. दवाखान्यात ते जमिनीवर सोडू नये, दुसऱ्यांच्या पिल्लांना लागण होईल. डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात: पिल्लाचे वय, लस झाली की नाही, उलटी-जुलाब कधीपासून, आणि घरात उंदीर मारायचे औषध ठेवले होते का. विषबाधा, जंत, गोचीड ताप यांतही पिल्लू असेच मलूल होऊ शकते. ही माहिती असली की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पैशाचेही स्पष्ट बोलावे, त्यात लाज नाही. आमच्या वस्तीतल्या एका घरी साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला पार्वो झाला. वडील नाक्यावर काम शोधणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. त्यांनी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितले, "आमच्याकडे एवढेच पैसे आहेत, यात काय होईल?" डॉक्टरांनी पिल्लाला भरती न करता रोज सकाळी आणून सलाईन लावायचे ठरवले आणि कोणती औषधे बाहेरून घ्यावी लागतील ते लिहून दिले. थोडे पैसे बचत गटातून उचलले. सकाळी आई कामावर जाताना सोडायची, दुपारी मोठी मुलगी शाळेतून येताना शेजारच्या मावशींना घेऊन पिल्लाला परत आणायची, रात्री वडील जागायचे. पहिले तीन दिवस काहीच फरक दिसत नव्हता. चौथ्या दिवशी पिल्लाने मान उचलली, पाचव्या दिवशी वाटीभर पाणी स्वतः प्यायले आणि ते पोटात राहिले. पिल्लू उठत नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी उपचार सोडू नयेत, ते एवढ्यासाठी.

विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची गोष्ट आहे. त्याला हगवण लागली होती, तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. जुलाबाच्या रोग्याची सेवा कशी करायची, याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही. पिल्लाचे अंग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावे, ओले कापड लगेच बदलावे.

घर आणि गल्ली

कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. पण शीत जंत आणि इतर जंतू असतात. म्हणून शी उचलताना हातात पिशवी घालावी, नंतर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना त्या कोपऱ्यापासून दूर ठेवावे.

नुसत्या साबणाने किंवा फिनेलने हा विषाणू मरत नाही. आधी जागा धुवून साफ करावी. मग कपडे पांढरे करायचे पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिसळून ती जागा दहा मिनिटे ओली ठेवावी आणि पुन्हा धुवावी. दार-खिडकी उघडी असावी. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरे काही मिसळू नये, विषारी वायू होतो. शी उघड्या गटारात टाकू नये. पिशवीत बांधून कचरागाडीत द्यावी. शेजारच्या पिल्लांच्या घरी स्वतः जाऊन सांगावे.

बरे होताना

उलटी थांबली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, मीठ-मसाल्याशिवाय, थोडे थोडे दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात. एकदम पोटभर खाऊ घालू नये. शी घट्ट व्हायला आठवडा लागू शकतो. बरे झालेले पिल्लूही काही आठवडे शीतून विषाणू टाकत असते, म्हणून महिनाभर ते इतर पिल्लांत मिसळू देऊ नये.

काही पिल्ले सगळे करूनही वाचत नाहीत. तेव्हा मुलांना 'पळून गेले' असे खोटे सांगू नये. आजार काय होता आणि आपण काय काय केले, हे सांगावे. रडू द्यावे. त्या घरात पुढे पिल्लू आणायचे असेल तर लस पूर्ण झालेलेच आणावे.

लस

दीड-दोन महिन्यांच्या वयात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, चार महिन्यांचे होईपर्यंत. वर्षाने पुन्हा एक. एकच डोस पुरत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली ताकद लहानपणी लसीला काम करू देत नाही, आणि ती ताकद कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, तीही दर वर्षी.

एकेकट्याने जाणे जड जाते. विहाराच्या समितीने वस्तीत किती कुत्री-पिल्ले आहेत याची यादी करावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी अर्ज देऊन विहाराच्या अंगणात लसीकरणाचा एक दिवस मागावा. अर्जावर महिला मंडळाच्या आणि बचत गटांच्या सह्या असाव्यात. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर हा विषय काढावा आणि यादी करायचे काम दोन तरुणांकडे सोपवावे.