भक्तिपर लेखन व लेखनाची संवय

आमच्या ख्रिस्ती मंडळींत लिहिण्याची इच्छा असलेले स्त्रीपुरुष थोडे नाहींत. कोणास गीत रचावेंसें वाटतें, कोणास देवानें आपल्या आयुष्यांत केलेलें कार्य चार लोकांस सांगावेंसें वाटतें, तर कोणास वडिलांच्या तोंडून ऐकलेला जुन्या मंडळीचा वृत्तांत लिहून ठेवावासा वाटतो. परंतु या इच्छेचें पर्यवसान बहुधा पेटींत पडलेल्या दोनचार अपुऱ्या पानांत होतें. असें कां होतें, व तें टाळण्यास काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस पुढें लेखणी हातीं धरावयाची असेल, त्यांस तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

भक्तिमान् लेखकाच्या मार्गांत एक अडचण अशी असते, कीं जी इतरांस तितकी बाधत नाहीं. स्फूर्ति ही देवाची देणगी आहे. ती येईल तेव्हां लिहावें. तिला घड्याळाशीं बांधणें हा एक प्रकारचा अविश्वासच होय, अशी त्याची समजूत असते. ही समजूत दिसावयास नम्रतेची, पण परिणामीं आळसाची आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच वाचकास कळवितो कीं, त्यानें सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आणि मग त्या अनुक्रमानें लिहिल्या. शोध करणें व अनुक्रम लावणें हीं श्रमाचीं कामें आहेत. आणि ज्या लेखास आपण ईश्वरप्रेरित मानतों, त्याच्याच लेखकानें तीं केलीं. पाऊस देवाकडून येतो हें जाणूनही शेतकरी मृगापूर्वीं नांगरट उरकून घेतो. स्फूर्तीच्या बाबतींतही नांगरट आपलीच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ आणि माप ठरविणें. इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं परकी भाषा आत्मसात् करून तींत ‘क्रिस्तपुराण’ रचिलें व तें १६१६ सालीं छापून निघालें. त्यांत सुमारें ११,००० ओंव्या आहेत. हा आंकडा ऐकून छाती दडपते. पण आपण आपल्यापुरता हिशेब करून पाहूं. रविवार वगळून रोज दहाच ओंव्या रचणाऱ्याच्या वर्षाच्या ३१३ दिवसांत ३,१३० ओंव्या होतात. म्हणजे साडेतीन वर्षांत एवढा ग्रंथ उभा राहतो. ओंव्या बाजूस ठेवून गद्याच्या दहा ओळी धरल्या, आणि पानास पंचवीस ओळी मोजल्या, तर एका वर्षांत सव्वाशें पानांचें पुस्तक तयार होतें. दहा ओळी लिहिण्यास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास रोज एकाच वेळीं व शक्य तर एकाच जागीं असावा. आज लेखन थांबवितांना उद्यांचें पहिलें वाक्य टिपून ठेवावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं कोऱ्या कागदाकडे पाहत बसण्याची पाळी येत नाहीं.

पुष्कळांस ही वेळ प्रातःप्रार्थनेस लागूनच असावी असें वाटतें, आणि तें योग्यही आहे. मात्र प्रार्थना संपल्यावर लेखन आरंभावें. गुडघे टेकले असतांनाच वाक्यें जुळवूं लागल्यास प्रार्थनाही जाते व लेखही कृत्रिम होतो. याच कारणास्तव दोन वह्या ठेवाव्या. एक वही आपली व देवाची. तींतील पापांगीकार, अश्रु व नवस हे दार लावून घेतलेल्या खोलींतले आहेत, आणि ते तेथेंच राहावेत. दुसरी वही टांचणांची. वाचनांत आलेला विचार, उपदेशांत ऐकलेला दृष्टान्त, बाजारांत कानीं पडलेला समर्पक शब्द, म्हाताऱ्या माणसानें सांगितलेली गोष्ट, हें सर्व तींत तारीख व नांव घालून लिहावें. लेखाची सामग्री या दुसऱ्या वहींतून येते. ज्याच्यापाशीं अशी वही नाहीं, तो दरवेळीं आपल्या भावनेवरच भांडवल करूं पाहतो, आणि तें भांडवल लवकर संपतें.

दुसरी गोष्ट पुनर्लेखनाची. जें प्रार्थनापूर्वक लिहिलें त्यांत फेरफार कसा करावा, असें कांहीं सज्जन विचारतात. यिर्मयाच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायांत याचें उत्तर आहे. यिर्मयानें सांगितलें व बारुखानें लिहिलें. तें पुस्तक यहोयाकीम राजानें चाकूनें कापून शेगडींत जाळलें. तेव्हां संदेष्ट्यानें तें सर्व पुनः सांगितलें, बारुखानें पुनः लिहिलें, आणि त्यांत आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. देवाचा संदेश दुसऱ्यांदा लिहिल्यानें उणा झाला नाहीं, उलट वाढला. मग आपला लेख तिसऱ्यांदा लिहिण्यास आपण कां संकोचावें? प्रथम न थांबतां लिहावें. आठवडाभर तो कागद दृष्टीआड ठेवावा. नंतर मोठ्यानें वाचावा. जेथें जीभ अडखळते तेथें बहुधा विचारच अडखळलेला असतो. पुढें तो अशा मनुष्यास दाखवावा, कीं जो आपणांस भीत नाहीं.

तिसरी गोष्ट भाषेची. भक्तिपर लेखनांत तयार शब्दांचा सुकाळ असतो. ‘कृपेचा सागर’, ‘पापाचा अंधकार’ असे शब्द पिढ्यान् पिढ्या वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यांसारखे झाले आहेत. त्यांवरील छाप आतां कोणास दिसत नाहीं. त्यांचा मोह पडेल तेथें, प्रत्यक्ष काय घडलें, असें स्वतःस विचारावें. लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण यापुढें ठेवण्यासारखें आहे. त्यांस अक्षरओळख झाली ती लग्नानंतर पतीकडून. आणि ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ सालीं, त्यांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षाच्या सुमारास. त्यांत घरांतलीं भांडीं, सोंवळें, भांडणें, फजित्या व हसूं हें सर्व आहे. आणि एका स्त्रीच्या श्रद्धेंत पालट कसा होत गेला हें त्या साध्या हकीकतींतूनच वाचकास कळतें. सत्याचा नेमही याच सदरांत येतो. साक्ष परिणामकारक व्हावी म्हणून पूर्वायुष्य असेल त्याहून काळें रंगविणें, अथवा दहा माणसें जमलीं असतां शंभर म्हणणें, हें असत्यच होय; तें देवाच्या नांवानें केल्यानें पवित्र होत नाहीं.

चौथी गोष्ट धीराची. मला संसार आहे, नोकरी आहे, वेळ कोठें आहे, असें म्हणणाऱ्यानें केडगांवाकडे पाहावें. पंडिता रमाबाईंवर मुक्ति मिशनांतील शेंकडों स्त्रियांचा व मुलींचा भार होता. तो संभाळून त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध पवित्र शास्त्राचें मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला. आणि मुक्ति मिशनच्या छापखान्यांत छापलेलें तें संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं निवर्तले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेऊन पुरें केलें. आपल्या हयातींत काम संपेल कीं नाहीं याचा घोर न करितां त्यांनीं आजचें पान लिहिलें, म्हणून पुढें चालविण्यास कांहीं मागें उरलें.

मन कोरडें पडल्याचे दिवस सर्वांसच येतात. त्या दिवशीं भावना ओढून आणूं नये. तशीच वेळ दवडूंही नये. जुन्या पानांची स्वच्छ प्रत करावी, टांचणें विषयवार लावावीं, एखादें वचन निरनिराळ्या भाषांतरांत ताडून पाहावें. हें कामही लेखनच आहे. सातव्या दिवशीं मात्र लेखणी खालीं ठेवावी. विसाव्याचा दिवस पाळणाऱ्यास सोमवारीं लिहावयास कांहीं तरी असतें.

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय केवळ लेखक होण्याच्या हौसेचा नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळांत आईबाप गमावून मिशनच्या अनाथालयांत वाढलेलीं मुलें पुढें आमच्या अनेक मंडळ्यांचे वडील, शिक्षक व बायबल-स्त्रिया झालीं. ती पिढी आतां राहिली नाहीं. तिच्यापैकीं ज्यांचें कोणीं लिहून ठेविलें, तेवढ्यांचीच हकीकत उरली. बाकीच्यांचा विश्वास, उपासमार व गीतें त्यांजबरोबरच मातींत गेलीं. तुमच्या घरांतही एखादी आजी असेल, कीं जिला आपल्या बापाचा बाप्तिस्मा कोणत्या ओढ्यांत झाला हें सांगतां येईल. या सुट्टींत एक वही घ्या, तिच्यापाशीं बसा, आणि ती सांगेल त्यांतील दहा ओळी रोज लिहा. शाळा उघडेल त्या दिवशीं ती वही आपल्या शिक्षकांस दाखवावी. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही मागाहून दुरुस्त करूं.