एका मस्टरवरची दोन नावं

बँकेच्या शाखेतली तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. व्हाउचरचंही तसंच. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. ही सगळी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे: ही दोन माणसं एकमेकांची नाहीत. आता समजा, त्या दोघांचंच जमलं आणि वर्षभराने लग्नही झालं. दोन्ही किल्ल्या संध्याकाळी एकाच घरी जाऊ लागल्या. दोघंही सज्जन आहेत, पैशाची अफरातफर त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. तरी ऑडिटरच्या कपाळाला आठी पडणारच, आणि त्याचं चुकतंय असं म्हणता येत नाही. मग दोघांपैकी एकाचं टेबल बदलतं, नाहीतर शाखा.

ऑफिसातल्या माणसाच्या प्रेमात पडावं का, या प्रश्नाचा खरा गुंता इथे आहे. आपण मात्र तो नीतिमत्तेच्या खुंटीवर टांगतो. कॅन्टीनमध्ये दोघं रोज एकाच टेबलावर डबा उघडतात, शुक्रवारी दोघांचीही रजा पडते आणि मस्टरवरच्या त्या दोन रिकाम्या चौकोनांवर अख्खा विभाग कुजबुजतो. कुजबुजीचा विषय ‘त्यांचं काय चाललंय’ हा असतो. त्यातला एक जण दुसऱ्याच्या अप्रेझलवर सही करतो का, हे क्वचितच कुणी विचारतं.

आधी प्रेमाची बाजू घेतो. दिवसाचे नऊ तास ऑफिसात आणि उरलेला जीव कर्जत लोकलमध्ये किंवा हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये गेल्यावर माणसं भेटणार तरी कुठे? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा पगार सांगतो, मुलगी छंद सांगते. मार्च अखेरीला हिशेब जुळत नसताना तो शिपायाशी कसा बोलतो, चूक झाली की ती कुणाच्या माथी मारते, हे तिथे कळत नाही. सहकाऱ्याचं ते सगळं आपण फुकटात पाहिलेलं असतं. जोडीदार निवडायला याहून चांगली माहिती कुठलंही विवाह मंडळ देऊ शकणार नाही. नाटक-सिनेमावाल्यांचं तर हे जुनंच आहे. सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर यांची जोडी जमली ती ‘नवरी मिळे नवऱ्याला’ या चित्रपटाच्या वेळी, आणि त्याचे दिग्दर्शक सचिनच होते. १९८९ मध्ये शिकागोच्या सिडली ऑस्टिन या वकिली कंपनीत उन्हाळ्यापुरते आलेल्या बराक ओबामांना काम दाखवण्याची जबाबदारी मिशेल रॉबिन्सन यांच्यावर होती. त्यांनी विचारल्यावर मिशेल यांनी आधी नकार दिला, कारण आपल्याच हाताखाली दिलेल्या माणसाबरोबर फिरणं बरं दिसणार नाही असं त्यांना वाटलं. तो संकोच मला त्या पुढच्या संसाराइतकाच मोलाचा वाटतो.

कायद्याचं म्हणाल, तर दोन सज्ञान सहकाऱ्यांनी प्रेम करू नये असा कायदा भारतात नाही. सरकार तर लग्नानंतर मदतीलाच येतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना विचारा. ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा बदल्यांमधला मान्य संवर्ग आहे आणि दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरहून जास्त अंतर आहे हे दाखवण्यासाठी दाखल्यांची धावपळ चालते. केंद्र सरकारचंही नवरा-बायकोला शक्यतो एका गावी नेमावं असं धोरण आहे. खाजगी कंपन्यांचा कल उलटा: लग्न करा, पण एकमेकांच्या हाताखाली नको.

कायदा येतो तो ‘नकोसं’ असेल तिथे. राजस्थानातल्या कार्यकर्त्या भंवरीदेवी यांच्या लढ्यातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. त्याहून छोट्या ठिकाणच्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. कागदावर हे चोख आहे. पण गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच अंमलबजावणीतल्या ढिलाईबद्दल कान उपटावे लागले आणि समित्या खरोखर नेमल्यात का ते तपासा, असं सरकारांना सांगावं लागलं.

शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन किंवा नोकरी-बढतीचं आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बढतीचा उल्लेख कायद्यातच आहे, हे साहेब मंडळींनी दोनदा वाचावं.

कारण साहेबाचं प्रेम हे आपल्या मालिकांचं लाडकं खाद्य. ‘तुला पाहते रे’मध्ये उद्योगपती आणि त्याच्या कंपनीतली साधी मुलगी, ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्येही मालक आणि कर्मचारी. घराघरांत रात्री कौतुकाने बघितलं जाणारं हे नातं खऱ्या कंपनीत सगळ्यात धोक्याचं. मॅकडॉनल्ड्सचे प्रमुख स्टीव्ह ईस्टरब्रुक यांचं २०१९ मध्ये कर्मचाऱ्याशी असलेल्या संबंधांपायी पद गेलं. नेस्ले कंपनीत जवळजवळ चाळीस वर्षं काढलेले लॉरां फ्रेक्स यांना प्रमुखपदी बसून एकच वर्ष झालं होतं. थेट हाताखालच्या व्यक्तीशी असलेलं नातं लपवलं म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना काढलं. दोन्हीकडे संबंध जबरदस्तीचे होते असं कंपनीचं म्हणणं नव्हतं. पण ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याला मिळालेला होकार किती मोकळा, हे तिसऱ्या माणसाला कसं कळणार? आणि बाकीच्या टीमने आपलं रेटिंग कशाने घसरलं असं समजायचं?

मोडलं तर काय, हा प्रश्न प्रेमात पडताना कुणी विचारत नाही. घरचं स्थळ मोडलं की माणूस पुन्हा दिसत नाही. इथे मात्र सोमवारी साडेनऊला तोच चेहरा, त्याच मीटिंगमध्ये, त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. शेवटी कुणीतरी राजीनामा देतं, आणि मी पाहिलेल्या प्रकरणांत तो ज्युनिअरनेच दिलाय, बहुतेक वेळा मुलीने. तिच्या नावाची चर्चा मात्र ती गेल्यावरही ऑफिसात मुक्कामाला राहते.

तेव्हा माझं मत सांगतो. वर-खाली असाल तर नको. फारच जीव जडला असेल तर आधी विभाग बदलून घ्या, विचारणं त्यानंतर. बरोबरीचे असाल तर एकदाच विचारा, साध्या शब्दांत. ‘नको’ आलं की विषय संपला. ‘बघू’ आलं तरी संपलाच असं धरा. होकार आला तर प्रेमाच्या गप्पा कंपनीच्या मेलवर आणि कंपनीच्या लॅपटॉपवर मारू नका, त्या वाचण्याची सोय कंपनीकडे असते. आणि रुजू होताना न वाचता सही केलेली ती नियमांची पुस्तिका आज काढून वाचा. नातं एचआरला कळवायला हवं असं त्यात लिहिलं असेल, तर दुसऱ्या कुणी सांगायच्या आत दोघांनी मिळून कळवा.