स्ट्रिंग म्हणजे दोरा नाही, बरं का!

जावा आणि जावास्क्रिप्ट यांचं नातं काय? सख्ख्या बहिणी? छे! वळण थोडंफार सारखं, पण घरं वेगळी. १९९५मध्ये जावाची जाम हवा होती, म्हणून नेटस्केपने आपल्या नव्या भाषेला तिचं नाव जोडून टाकलं. मार्केटिंग, दुसरं काय! पायथनही सापावरून नाही, तर 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश कॉमेडी ग्रुपवरून आलंय. आपण आयटीवाले यावर हसतो. पण नवशिक्याचं काय?

माझी मावसबहीण भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीची. मराठी मीडियम, गणितात एकदम हुशार. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आली आणि दोन महिन्यांत फोनवर रडकुंडीला. 'दादा, हे माझ्याच्यानं नाही होत. घरी जाते.' अडलं कुठे, तर व्हेरिएबलवर! शाळेच्या बीजगणितातला 'चल' तो हाच, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही भंडारा स्टाइल डिक्शनरी बनवली. घ्या, तुम्हालाही:

व्हेरिएबल : नाव लिहिलेला भंडाऱ्याचा पितळी डबा. आतला माल बदलतो, नाव तेच. म्हणून 'क्ष = क्ष + १' हे समीकरण नाही, ऑर्डर आहे. डब्यात आहे त्यात एक टाक!

फंक्शन : राईस मिल. आत टाकलेलं धान म्हणजे आर्ग्युमेंट. भांडण नव्हे! बाहेर येणारा तांदूळ म्हणजे रिटर्न व्हॅल्यू.

अ‍ॅरे : मिलमध्ये ओळीने लावलेली पोती. फक्त बहुतेक भाषांत पहिल्या पोत्याचा नंबर शून्य.

लूप : रोवणी. एक बांधी झाली की पुढची, सगळ्या संपेपर्यंत.

स्ट्रिंग : एकापुढे एक ओवलेली अक्षरं. दोरा नाही, गजरा म्हणा.

बग : १९४७मध्ये हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरमध्ये खराखुरा पतंग सापडला होता. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनने १८७८च्या पत्रातही तो वापरलाय.

गंमत बघा. २००१मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि पुढे एमएस-सीआयटी गावोगावी पोचलं. माऊस, फाईल, सेव्ह हे शब्द कुणाला टोचले नाहीत, कारण त्या गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. व्हेरिएबल दिसत नाही. त्याला ओळखीचं उदाहरण लागतं. २०२१मध्ये एआयसीटीईने मराठीतूनही इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, ते छानच. पण शब्द इंग्रजी राहिले तरी चालेल. कोड त्यातच लिहायचाय. अर्थ तेवढा आपल्या भाषेतून पोचू द्या.

बहीण घरी गेली नाही. आता रूममेटना राईस मिल समजावते!

तुमच्या टीममध्येही तुमसर, पवनीहून आलेला एखादा फ्रेशर मीटिंगमध्ये नुसती मान डोलावत असेल. त्याला 'समजलं ना?' विचारू नका. उत्तर 'हो'च येणार. 'तुझ्या शब्दांत सांग' म्हणा आणि पाच मिनिटं ऐका.