प्रकाशाची उष्णता आणि स्तनाचा कर्करोग

उन्हाळ्यांतील भर दुपारीं माहीमच्या किनाऱ्यावर गेलेल्या मनुष्याला एक गोष्ट सहज अनुभवास येते. सूर्य सर्वांवर सारखाच तळपत असतो. परंतु काळा खडक हात लावूं देत नाहीं, आणि त्याच्या शेजारीं वाळत घातलेलें पांढरें वस्त्र मात्र जेमतेम कोमट लागतें. प्रकाश एकच, पण त्याला शोषून घेणारा पदार्थ जसा, तशी त्यापासून होणारी उष्णता. या साध्या अनुभवावर वैद्यकशास्त्रांतील एका नव्या प्रयत्नाची उभारणी झाली आहे. कर्करोगाच्या गांठींत प्रकाश शोषणारे अतिसूक्ष्म कण पोंचवावयाचे, बाहेरून त्यांवर प्रकाश सोडावयाचा, आणि भोंवतालचें निरोगी शरीर सुरक्षित राहून गांठ तेवढी भाजून निघावी अशी योजना करावयाची, हें या प्रयत्नाचें सूत्र होय. त्यांतील एक महत्त्वाचा भाग मुंबईच्या परिसरांतच पार पडला आहे.

भारतांतील स्त्रियांना जे निरनिराळे कर्करोग होतात, त्यांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण आज सर्वांत अधिक आहे. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें, तेव्हां शस्त्रक्रिया आणि किरण हींच या रोगावरील मुख्य साधनें होतीं. पुढें त्यांत रासायनिक औषधांची, हार्मोनचा प्रभाव रोखणाऱ्या उपचारांची आणि ठराविक पेशींवरच नेम धरणाऱ्या औषधांची भर पडली. या साधनांनीं असंख्य आयुष्यें वांचविलीं. परंतु त्यांची किंमतही रुग्णाला मोजावी लागते. शस्त्रक्रियेनें अवयव जातो किंवा त्याचा आकार बदलतो, किरणांनीं त्वचा पोळते, रसायनांनीं केंस गळतात. म्हणूनच, रोग तेवढा नाहींसा करून शरीर राखणाऱ्या उपायाचा शोध सतत चालूं राहिला.

उष्णतेनें पेशी मरतात ही गोष्ट नवी नाहीं. अंड्यांतील पातळ पांढरा भाग तव्यावर पडतांच घट्ट होतो. पेशींतील प्रथिनांचीही तीच गत होते. शरीराचें स्वाभाविक तपमान ३७ अंश सेल्सिअस असतें. तें ४२ ते ४५ अंशांवर कांहीं काळ टिकलें तर पेशी दुबळ्या होतात, आणि ५० अंशांपलीकडे गेलें तर थोड्याच मिनिटांत मरतात. तेव्हां अडचण उष्णता उत्पन्न करण्याची नव्हे. ती नेमक्या जागेंत कोंडून ठेवण्याची आहे. निखाऱ्याला निरोगी मांस आणि रोगी मांस यांतील भेद कळत नाहीं.

हा भेद घडवून आणण्यासाठीं सोन्याची योजना झाली. दागिन्याचें सोनें पिवळें दिसतें. परंतु तेंच अत्यंत बारीक कणांच्या रूपानें पाण्यांत तरंगत ठेवलें तर पाणी माणकासारखें तांबडें होतें, हें मायकेल फॅरडे यांनीं १८५७ सालीं सप्रयोग दाखविलें. असे कण नॅनोमीटरांत मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केंसाची जाडी सुमारें ८०,००० नॅनोमीटर भरते. एवढ्याशा कणावर प्रकाशाची लाट आदळली कीं त्यांतील मोकळे इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर झोके घेऊं लागतात, आणि त्या झोक्यांतील शक्ति क्षणार्धांत उष्णतेंत बदलते. कोणत्या रंगाचा प्रकाश शोषावयाचा, हें कणाच्या आकारावर आणि घडणीवर ठरतें.

आतां प्रकाश शरीरांत शिरावयाचा कसा? काळोखांत विजेरीच्या तोंडावर तळहात धरला तर बोटांच्या कडा लाल दिसतात. रक्तांतील रंगद्रव्य इतर रंग गिळून टाकतें, आणि तांबडा प्रकाश तेवढा पार होतो. तांबड्याच्या लगतचा, डोळ्यांना न दिसणारा, सुमारें ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश शरीरांत अधिक खोल जातो. अमेरिकेंतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठांत नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या सहकाऱ्यांनीं वाळूच्याच जातीच्या सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ थर चढवून नेमका हाच प्रकाश शोषणारे कण तयार केले. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत हे कण आणि प्रकाश दोन्ही मिळालेल्या स्तनकर्करोगाच्या पेशी मेल्या. नुसता प्रकाश मिळालेल्या पेशी जिवंत राहिल्या.

परंतु काम झाल्यावर शरीरांत राहिलेल्या सोन्याचें काय करावयाचें? धातूचे कण विरघळत नाहींत. ते यकृतांत आणि प्लीहेंत दीर्घकाळ अडकून राहतात. या प्रश्नावर पवईच्या आय. आय. टी. मध्यें रोहित श्रीवास्तव, रिंती बॅनर्जी आणि अरविंद रेंगन यांनीं, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेंतील अभिजित डे यांच्या सहकार्यानें, वेगळा मार्ग काढला. त्यांनीं गाभ्यासाठीं सिलिका न घेतां स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या, ज्यांना लायपोसोम म्हणतात, त्या घेतल्या आणि त्यांवर सोन्याचा लेप दिला. २०१४ सालीं स्तनकर्करोगाच्या पेशींवरील त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. २०१५ सालच्या निबंधांत, उंदरांच्या अंगीं मानवी कर्करोगपेशींपासून वाढविलेल्या गांठी ७५० नॅनोमीटरच्या लेझर प्रकाशानें पूर्णपणें नष्ट झाल्याचें त्यांनीं नमूद केलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, हे कण यकृताच्या पेशींत फुटून पित्तावाटे व मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याचें त्यांना आढळलें. काम करून निघून जाणारें सोनें, हें या संशोधनाचें वैशिष्ट्य.

तथापि उंदीर आणि स्त्री यांच्यामध्यें मोठें अंतर आहे. शिरेवाटे दिलेले कण गांठीपर्यंत पोंचतात किती, याचा दहा वर्षांतील प्रयोगांवरून टोरंटो येथील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं आढावा घेतला, तेव्हां मध्यम प्रमाण अवघें ०·७ टक्का भरलें. शिवाय प्रकाश शरीरांत फार तर कांहीं सेंटिमीटर शिरतो. स्तन त्वचेलगत असल्यानें येथें थोडी अनुकूलता आहे. पण रोग हाडांत किंवा फुप्फुसांत पसरला असेल तर तेथें हा उपाय लंगडा पडतो. आणखी एक अडचण आहे. शस्त्रक्रियेनें काढलेली गांठ तपासून तिच्या कडा निर्दोष आहेत कीं नाहींत हें पाहतां येतें. भाजून नष्ट झालेल्या गांठीची तशी तपासणी होत नाहीं. न्यूयॉर्क येथें पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर सोन्याच्या कणांचा उपचार १६ रुग्णांवर करून पाहण्यांत आला, आणि त्यांपैकीं १५ जणांत तो यशस्वी रीतीनें पार पडल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. स्तनाच्या कर्करोगावर मात्र ही पद्धति अद्याप रूढ उपचार झालेली नाहीं.

हें स्पष्ट सांगणें अगत्याचें आहे. कारण सोन्याचें नांव निघालें कीं घरोघर सुवर्णभस्माची आठवण होते. या पद्धतींत सोनें हें औषध नव्हे. तें केवळ प्रकाश धरणारें साधन आहे. सुवर्णभस्म खाऊन कोणाचीही गांठ भाजून निघणार नाहीं. तसेंच, उद्यां विनाशस्त्र उपाय निघेल या आशेवर आजची गांठ झांकून ठेवणें म्हणजे रोगाला वाढण्यास सवड देणें होय.

सवड न देण्याचा मोल किती, हें मुंबईनेंच दाखवून दिलें आहे. टाटा स्मारक केंद्रानें १९९८ पासून शहराच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची दोन गटांत पाहणी केली. एका गटांत शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातांनीं स्तनांची तपासणी करीत. २०२१ सालीं निष्कर्ष बाहेर आले. तपासलेल्या गटांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेंत सांपडला. सर्व वयांचा एकत्र विचार करतां मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाहीं. पण पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले. त्यासाठीं सोनें लागलें नाहीं, लेझर लागला नाहीं. शिकविलेले हात पुरले.

स्तनांतील कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं, आणि दुखत नाहीं म्हणूनच ती लपविली जाते. न दुखणारी गांठ, आंत ओढलें गेलेलें स्तनाग्र, त्यांतून येणारें रक्त किंवा त्वचेवर पडलेली खळी, यांपैकीं कांहींही दिसलें तर लज्जा बाजूला ठेवून त्याच आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावें. प्रत्येक गांठ कर्करोगाचीच असते असें नाहीं. बहुतेक गांठी निरुपद्रवी ठरतात. पण तो निर्णय तपासणीनें व्हावा, भीतीनें नव्हे. आणि घरांतील पुरुषांनीं व वडीलधाऱ्यांनीं एवढें करावें कीं, सून, मुलगी, बहीण किंवा आई हा विषय काढूं लागली तर तिला अर्ध्यावर गप्प बसवूं नये. तिच्याबरोबर रुग्णालयांत जावें.