निरोपाची डाळ

अनंत चतुर्दशीला सकाळी आमच्या पनवेलच्या घरात पहिलं काम असतं ते हरभऱ्याची डाळ भिजत घालण्याचं. आधी ती पाट्यावर वाटायची आणि संध्याकाळी गणपती निघताना शेजारीपाजारी वाटायची. वाटली डाळ ही आमच्याकडची विसर्जनाची खिरापत.

गेल्या वर्षी डाळ भिजली खरी, पण वाटायची कशावर? १८५२ साली नगरपालिका मिळालेलं आमचं गाव २०१६ साली महानगरपालिका झालं. जुनी कौलारू घरं एकेक करून उतरू लागली, त्यात आमचंही गेलं. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो आणि पाटा-वरवंटा एका नातलगाच्या अंगणात जाऊन पडला.

"मिक्सर आहे की," मी म्हटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

डाळ आपल्या घरात इतकी रुळलेली, की तिच्याकडे लक्षच जात नाही. बाळाच्या उष्टावणाला तुरीचं मऊ वरण आणि भात. आजाऱ्याला मुगाच्या डाळीची खिचडी. होळीला हरभऱ्याच्या डाळीचं पुरण आणि तिच्याच कटाची आमटी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरी घातलेली आंबेडाळ. अंगाला लावायलासुद्धा डाळीचं पीठ, साय आणि हळद. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, तेव्हा आमच्याकडे आमटी पातळ झाली. पण नैवेद्याचं वरण घट्टच राहिलं.

गंमत म्हणजे ही पिवळी डाळ काही आमच्या मातीतली नव्हे. रायगडात पिकतो तो भात, आणि भातामागून वाल. तूर-हरभरा देशावरचा, बोरघाट उतरून येणारा. पनवेल मात्र भाताच्या गिरण्यांचं गाव. म्हणजे पानात वरणभात कालवला, की घाटावरचं आणि घाटाखालचं शेत एकत्र येतं. आहारशास्त्रालाही ही सोयरीक मान्य आहे. तांदळात लायसिन कमी, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो.

तर मिक्सर फिरला आणि डाळीचं गंध झालं. कढईत टाकताच त्याचा चिकट गोळा झाला.

"अगं, पीठ नाही करायचं, डाळ वाटायचीय," सासूबाई म्हणाल्या. "भरड राहिली तर मधून वाफ जाते. मग ती मोकळी होते."

सुदैवाने थोडी डाळ भिजलेली उरली होती. ती त्यांनी चाळणीत निथळली. पाण्याचा थेंबही न घालता, हिरव्या मिरच्या आणि जिऱ्याबरोबर, थांबत थांबत फिरवायला लावली. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची सढळ फोडणी. त्यावर डाळ, मीठ, चिमूटभर साखर. झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन वाफा आणि मधून मधून उलथणं. शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

डाळ मोकळी झाली. चाखून त्या म्हणाल्या, "बरी झालीय." मग जरा वेळाने, "तुझ्या नवऱ्याच्या बारशाला त्याच्या आधी तोच वरवंटा पाळण्यात घातला होता. नव्या घरात त्याला जागा असेल का गं?"

इतके दिवस त्या घराविषयी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. हॉल केवढा, लिफ्ट कुठे, याची चर्चा आम्हीच करत होतो. त्यांना काय हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री विसर्जन करून परतल्यावर पाटावर रिकामी जागा होती आणि पातेल्यात तळाला मूठभर डाळ. ती दोघींनी खाल्ली. मग मी फ्लॅटचा नकाशा काढला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, पेन्सिलीने एक चौकोन आखला. पाट्यापुरता.

सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला. म्हणाल्या, "बसायला पाट ठेवायचाय. जरा मोठा कर."