उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञान अध्यापनात आंतरक्रियात्मक डिजिटल साहित्य : द्रवदाबाचे एक उदाहरण

द्रवाचा दाब खोलीवर व घनतेवर अवलंबून असतो, भांड्याच्या रुंदीवर नाही, हे इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु पटलेले नसते. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन्स मोफत असून त्यांपैकी अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांतील द्रवदाबाच्या सिम्युलेशनमध्ये दाबमापक खाली सरकविताच आकडा वाढतो. टाकीचा आकार बदलला तरी त्याच खोलीवर तोच आकडा येतो. मात्र आकडा पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला अंदाज वहीत लिहिणे आवश्यक ठरते. अन्यथा कृतीचा केवळ खेळ होतो.

शहागंज परिसरातील शाळांना या घटकासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली. पाणचक्कीपर्यंतही दुरून, जमिनीखालील नळांतून, केवळ उंचीच्या फरकाने पाणी आणण्यात आले. अडचण येथेच उद्भवते. पडद्यावरील टाकीतले पाणी स्थिर असते. नहरीतील पाणी वाहते, घर्षणामुळे दाब गमावते आणि नळ फुटल्यास गळते. म्हणून सिम्युलेशननंतर छिद्रे पाडलेली बाटली वर्गात यावयासच हवी. आणि शाळेत एकच संगणक असेल तर त्याचा माऊस शिक्षकाच्या नव्हे, विद्यार्थ्यांच्या हाती आळीपाळीने असावा.