लहान ब्रिज क्लबमधील स्पर्धा व सहजीवन : धरमपेठ (नागपूर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

समोरासमोर बसलेले दोन भिडू, त्यांच्या विरुद्ध दुसरे दोन भिडू, बावन्न पाने आणि प्रत्येकाच्या वाट्याला तेरा, एवढ्याच साहित्यावर ब्रिज हा खेळ उभा आहे. डावाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बोली लावली जाते. आपली जोडी किती हात करील आणि हुकूम कोणता असेल, याचा करार त्या बोलीतून ठरतो. दुसऱ्या भागात एक जोडी तो करार पुरा करू पाहते आणि दुसरी तो मोडू पाहते. करार करणाऱ्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जातात, हा या खेळाचा विशेष होय. आज सर्वत्र खेळला जाणारा ‘कॉन्ट्रॅक्ट ब्रिज’ हा प्रकार अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका सागरी प्रवासात गुणलेखनाची नवी पद्धती बसवून रूढ केला.

ब्रिजच्या तंत्रावर जगात विपुल लेखन झाले आहे. हा खेळ ज्या लहान लहान क्लबांतून टिकून राहतो त्यांच्या घडणीचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात एखाद्या विशिष्ट संस्थेचा वृत्तांत द्यावयाचा नसून, धरमपेठेसारख्या नागरी वस्तीत तीन-चार टेबलांवर चालणाऱ्या क्लबचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे. अशा क्लबचा एक मूलभूत पेच आहे. तेथील माणसे परस्परांना वर्षानुवर्षे ओळखत असतात आणि खेळाचे नियम मात्र त्यांनी टेबलावर अपरिचितांप्रमाणे वागावे अशी अपेक्षा करतात.

घरातील पत्ते आणि क्लबमधील ब्रिज

नागपूर १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी होते. सचिवालय, उच्च न्यायालय, १९२३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि बदलीच्या नोकरीत असलेला अधिकारीवर्ग यांमुळे येथे सुशिक्षित मध्यमवर्गाची वस्ती वाढली. सिव्हिल लाइन्समधील सी. पी. क्लब व गोंडवाना क्लब यांचे जग निराळे. धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर या पश्चिम नागपुरातील वस्त्यांचे वळण वकील, प्राध्यापक, डॉक्टर, बँक व शासकीय कर्मचारी यांच्या घरगुती मराठी संस्कृतीचे. ब्रिजसारखा खेळ अशा वस्तीत रुजण्यासाठी इंग्रजी क्लबांचे अनुकरण हे एकच कारण पुरेसे ठरत नाही.

मराठी घरांत भिडू धरून पत्ते खेळण्याची सवय जुनीच आहे. मेंढीकोटमध्ये चौघांच्या दोन जोड्या असतात, हुकूम असतो आणि दश्श्या जिंकण्यासाठी हात केले जातात. तीनशेचार हा खेळ तर ब्रिजच्या अधिकच जवळचा. त्यात बत्तीस पानांपैकी गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३ व राणीला २ असे गुण असतात. एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे मिळून ३०४. येथे बोली आहे, बोली जिंकणाऱ्याने हुकूम ठरविणे आहे आणि भिडूच्या पानांचा अंदाज घेणेही आहे. उन्हाळ्याच्या सुटीत माजघरात तीनशेचार खेळलेल्या मुलाला पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात ब्रिज शिकविला गेला, तर त्याला उतारी, हुकूम व भिडू या कल्पना नव्याने समजावून घ्याव्या लागत नाहीत. नवीन असते ती बोलीची भाषा आणि तिच्यामागील शिस्त.

माजघरातील खेळ आणि क्लबमधील खेळ यांत आणखी एक भेद आहे. घरात ‘पानेच आली नाहीत’ ही सबब मान्य होते; क्लबमध्ये ती चालत नाही.

टेबलांचे गणित

ही सबब नाहीशी करणारी युक्ती म्हणजे ‘डुप्लिकेट’ पद्धती. वाटलेली पाने चार कप्प्यांच्या एका तबकात, म्हणजे ‘बोर्ड’मध्ये, ठेवली जातात. डाव संपल्यावर प्रत्येकाची तेरा पाने पुन्हा त्याच कप्प्यात जातात आणि बोर्ड पुढच्या टेबलाकडे सरकतो. अशा रीतीने सर्व टेबलांवर तीच पाने खेळली जातात. तुलना समोरच्या जोडीशी होत नाही, तर त्याच दिशेला बसून त्याच पानांवर खेळलेल्या इतर जोड्यांशी होते. वाईट पाने येणे हे आता दुर्दैव उरत नाही. वाईट पानांवर इतरांहून कमी नुकसान सोसणे हाही विजयच ठरतो.

उदाहरणार्थ, चार टेबलांच्या क्लबमध्ये एका बोर्डवर उत्तर-दक्षिण जोड्यांना अनुक्रमे ४२०, ४२०, ४३० आणि ४५० गुण मिळाले असे समजू. पहिल्या दोन जोड्यांनी इस्पिक हुकूम ठरवून दहा हात केले, तिसरीने बिनहुकमी करार करून दहा केले आणि चौथीने इस्पिकच्या करारात अकरावा हात काढला. जोडीच्या स्पर्धेत जितक्या जोड्यांना मागे टाकले तितके गुण, बरोबरी झाल्यास अर्धा, असा हिशेब असतो. त्यानुसार चौथ्या जोडीला ३, तिसरीला २ आणि पहिल्या दोघींना प्रत्येकी अर्धा गुण मिळतो. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या जुन्या रबर ब्रिजमध्ये ४२० आणि ४३० यांतील दहाच्या फरकाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. येथे तोच फरक दीड गुणाचा होतो.

याच उदाहरणातून लहान क्लबची अडचणही दिसून येते. शंभर टेबलांच्या स्पर्धेत एखाद्या जोडीने वेडेवाकडे खेळून विरोधकांना भरघोस गुण बहाल केले, तर त्याचा परिणाम शेकडो निकालांत विरून जातो. तीन टेबलांच्या क्लबमध्ये प्रत्येक बोर्डचे निकाल तीनच असतात, म्हणून गुणांची पट्टी शून्य, एक व दोन एवढीच. एका नवशिक्या जोडीची एक चूक एकाला अनायास वर चढविते आणि दुसऱ्याला काही दोष नसताना खाली ढकलते. आठवड्याचा विजेता ठरविण्यात कौशल्याइतकाच वाटा ‘ती जोडी आपल्याला कोणत्या बोर्डवर भेटली’ या योगायोगाचा असतो. लहान क्लबमध्ये नवशिक्यांविषयी दिसणाऱ्या छुप्या नाराजीचे मूळ बरेचदा स्वभावात नसून या गणितात असते. तथापि नवशिके आले नाहीत तर तीन टेबलांची दोन होतात, हेही तितकेच खरे.

टेबलांची संख्या हा म्हणूनच क्लबच्या जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो. सहा जोड्या असल्या की ‘हॉवेल’ पद्धतीने पाच फेऱ्यांत प्रत्येक जोडी उरलेल्या पाचांशी खेळते. आठ जोड्या असल्या की सात फेऱ्या होतात. सात जोड्या आल्या तर दर फेरीस एक जोडी रिकामी बसते. तेरावा खेळाडू एकटाच आला तर त्याला भिडू नसतो. दुपारी चार वाजता ‘आज येत आहात ना?’ अशी फोनाफोनी करणारा सभासद क्लबच्या घटनेत कोणत्याही पदावर नसेल, परंतु क्लब चालतो तो त्याच्यामुळे. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात ही फोनाफोनी विशेष कसोटीची असते. कूलरच्या झोताने उघडी मांडलेली पाने उडू नयेत म्हणून टेबलांची जागा बदलावी लागते, ती गोष्ट वेगळीच.

आठच खेळाडू असल्यास सर्वांत न्याय्य प्रकार चौघांच्या संघांचा. एका संघाची एक जोडी एका टेबलावर उत्तर-दक्षिण बसते आणि दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर पूर्व-पश्चिम. एका टेबलावर व्हल्नरेबल असताना चार इस्पिकचा करार पुरा होऊन ६२० गुण मिळाले आणि दुसऱ्या टेबलावर तोच करार एका हाताने बुडून विरोधकांना १०० गेले, तर फरक ७२० चा होतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यानुसार त्याचे १२ ‘इम्प’ होतात. जागतिक सांघिक स्पर्धा याच पद्धतीने खेळल्या जातात. आठ माणसांचा क्लब या एका बाबतीत तरी जगाच्या बरोबरीने बसतो.

ओळख आणि नियम

बोलीची भाषा अत्यंत तोकडी आहे. एक ते सात हे आकडे, चार रंग, बिनहुकमी, पास, डबल आणि रिडबल मिळून पंधरा शब्द. भिडूशी एवढ्याच शब्दांत बोलावयाचे असते. आवाजाचा चढउतार, भुवई, पान टाकण्याचा जोर, उत्तराला लागलेला वेळ यांतून मिळणारी माहिती नियमबाह्य होय. आवाज टाळण्यासाठी १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये ‘बिडिंग बॉक्स’ प्रचारात आला; त्यातील छापील पत्ती काढून टेबलावर ठेवली की बोली झाली. उच्च पातळीवर १९७५ पासून भिडूंच्या मध्ये पडदा उभारण्यात येऊ लागला. तरीही २०१५ मध्ये लोटन फिशर व रॉन श्वार्ट्झ या इस्रायली जोडीवर बोर्ड ठेवण्याच्या जागेवरून उतारीची खूण केल्याचा आरोप झाला आणि युरोपीय ब्रिज संघटनेने त्यांना दोषी ठरविले.

धरमपेठेतल्या क्लबमध्ये असल्या खुणा करण्याचे कोणाला कारण नसते. तेथील प्रश्न अधिक सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक कठीण. समजा, एका खेळाडूने मिनिटभर विचार करून पास म्हटले. विचार करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु ‘आमचे सर उगाच थांबत नाहीत, त्यांच्याकडे काहीतरी आहे’ हे त्याच्या भिडूला वीस वर्षांच्या सहवासातून ठाऊक असते. नियम सांगतो की, समोर दोन समंजस पर्याय असतील तर भिडूच्या थांबण्याने सुचविलेला पर्याय निवडता येणार नाही. म्हणजे जे कळले आहे ते न कळल्याप्रमाणे वागावयाचे. हे आत्मनियमन कोणत्याही पडद्याने साधत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे जोडीचे संकेत. भिडूंमध्ये ठरलेला प्रत्येक संकेत विरोधकांना कळला पाहिजे. गुप्त संकेताला ब्रिजमध्ये स्थान नाही. लिहून ठरविलेले संकेत सांगणे सोपे असते. परंतु ‘हिचा दोन बदाम हा जरा हलकाच असतो’ हे पतीला अनुभवाने माहीत असेल, तर ते विरोधकांनी विचारल्यावर सांगणे हेही त्याचे कर्तव्यच होय. पती-पत्नीच्या जोड्यांत हे उत्तर देताना टेबलावर जो क्षणभराचा सन्नाटा पसरतो, त्याचे वर्णन कोणत्याही नियमपुस्तकात नाही.

खरी कसोटी लागते ती डायरेक्टरला बोलावण्याच्या वेळी. नियमभंग झाला, किंवा झाल्याचा संशय आला, की तेथल्या तेथे डायरेक्टरला बोलवावे असे नियम सांगतो. ते बोलावणे हा आरोप नसतो. मराठी सामाजिक संकेतांत मात्र वडीलधाऱ्या ‘काकां’च्या थांबण्याविषयी चारचौघांत हात वर करणे उद्धटपणाचे वाटते. मग तरुण खेळाडू गप्प राहतो, घरी जाताना ती गोष्ट तिसऱ्याला सांगतो आणि दोन आठवड्यांत ती सर्वांना माहीत होते. ज्यांच्याविषयी ती असते ते काका तेवढे अनभिज्ञ राहतात. मौन पाळल्याने जपला गेलेला आदर असा क्लबला महाग पडतो. लहान क्लबमध्ये डायरेक्टर स्वतःही खेळत असतो, बरेचदा त्याच गटातला असतो, आणि त्याच्या निर्णयाने त्याच्याच गुणांत फरक पडू शकतो. त्यामुळे हा पेच अधिक गुंततो. ज्येष्ठ खेळाडूने आपल्याच थांबण्यानंतर आपण होऊन ‘डायरेक्टरना बोलवू या’ असे म्हणण्याची प्रथा जेथे पडते, तेथे हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. नवशिक्यावर त्याचा जो परिणाम होतो तो नियमांच्या व्याख्यानाने होत नाही.

डाव संपल्यानंतरची चर्चा, जिला खेळाडू ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात, हाही क्लबच्या सहजीवनाचाच भाग. चहाबरोबर ‘तू किलवर का उतरला नाहीस?’ हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर गणितात द्यावे लागते. विरोधकांकडे एखाद्या रंगाची पाच पाने असतील तर ती ३-२ अशी विभागली जाण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, ४-१ ची २८ आणि ५-० ची ४. ज्याने ६८ टक्क्यांच्या बाजूने खेळून डाव गमावला त्याची चूक नव्हती, हे मान्य करण्यास मात्र भिडूला बरेचदा पुढचा आठवडा लागतो.

पत्ते, प्रतिष्ठा आणि कायदा

पत्ते म्हणजे जुगार, ही समजूत मराठी मध्यमवर्गात खोलवर रुजलेली आहे. सभागृह भाड्याने घेताना किंवा अपार्टमेंटच्या सामायिक खोलीत टेबले मांडताना तिचा अनुभव येतो. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ यातच केवळ कौशल्याच्या खेळांना वगळलेले आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. त्या वेळी रमीतील दैवाचा अंश ब्रिजच्या वाटपातील दैवासारखाच असल्याचे न्यायालयाने नमूद केले. म्हणजे तुलनेचे माप म्हणून ब्रिजच घेतला गेला. डुप्लिकेट पद्धतीत तर वाटपाचे दैवही सर्वांना सारखेच वाटलेले असते.

प्रतिष्ठेचा प्रश्न न्यायालयापेक्षा पदकांनी अधिक सोडविला. १९८८ मध्ये व्हेनिस येथील जागतिक सांघिक ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघ उपान्त्य फेरीत पोहोचला होता. ती बातमी ब्रिजवर्तुळापलीकडे फारशी गेली नाही. २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तेथे ६० वर्षांचे प्रणव बर्धन आणि ५६ वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक जिंकले. पुरुष व मिश्र संघांना कांस्यपदके मिळाली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे पुरुष संघाने रौप्यपदक मिळविले. साठीतला माणूस देशासाठी सुवर्णपदक आणू शकतो, ही गोष्ट सेवानिवृत्तांच्या वस्तीत दुर्लक्षित राहणे शक्य नव्हते.

पडद्यावरचा ब्रिज

संगणकावर ब्रिज खेळण्याची सोय २००० च्या दशकापासून सर्वत्र उपलब्ध झाली आणि २०२० च्या टाळेबंदीत कित्येक खेळाडूंसाठी तोच एक मार्ग उरला. तेथे पाने आपोआप वाटली जातात, उतारी चुकत नाही, गुणांचा हिशेब तत्काळ होतो आणि चेहरा दिसत नसल्याने त्यातून काही कळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नियमांना अभिप्रेत असलेली अनोळख यंत्राने सहज साधली. भिडू परगावीच काय, परदेशीही असू शकतो. पुण्याला किंवा अमेरिकेला मुलाकडे गेलेला सभासद तेथूनही जुन्या जोडीदाराबरोबर खेळू शकतो.

मात्र त्या दिवशी धरमपेठेतील टेबलावर त्याची खुर्ची रिकामी राहते आणि सहा जोड्यांच्या पाच होतात. भिडू कायमचा गमावलेला वृद्ध खेळाडू तर अनेकदा क्लबमध्ये येणेच थांबवितो; नव्या माणसाबरोबर सर्व संकेत पुन्हा ठरविण्याचा त्याला कंटाळा येतो. काही क्लब यावर उपाय म्हणून महिन्यातून एकदा भिडू चिठ्ठ्या टाकून ठरवितात. त्या संध्याकाळी संकेत अगदी साधे ठेवावे लागतात, गुणांची घसरण होते आणि मुरलेले खेळाडू कुरकुर करतात. परंतु त्याच संध्याकाळी महाविद्यालयीन विद्यार्थी निवृत्त न्यायाधीशाचा भिडू होतो, आणि पुढच्या बुधवारी दुपारी चारची फोनाफोनी सुरू झाली की यादीत एक नाव वाढलेले असते.